दाराखालची फट

कूलरचा सीझन संपला की बाबाराव निखारे
एक्झॉस्ट बसवतात, गीझर उघडतात,
थंडीत जे मिळेल ते.
आईने त्यांना बोलावलं छताच्या कोपऱ्यासाठी.
तिथे पोपडे सुटले होते, आणि काळी बुरशी
रोज थोडी पुढे सरकत होती.
"तू फार वेळ लावतेस आत,"
एवढंच ती म्हणाली.

आठ महिन्यांपूर्वी मी नंदनवनला परत आले,
दोन बॅगा आणि एक मिक्सर घेऊन.
मिक्सर का आणला, ते कोणी विचारलं नाही.
या घरात आतून कडी लागणारं दार एकच.
गरम पाणी सोडायचं, आरसा पुसायचा नाही,
बादली भरून वाहिली तरी वाहू द्यायची.

निखाऱ्यांनी भिंतीवर ताटली धरून
पेन्सिलने गोल काढला.
मग छिन्नी, तीन तास.
विटांची लाल भुकटी बादलीत, मगात, माझ्या ब्रशवर.
अचानक भोकातून देवतळ्यांच्या अंगणातली
वाळत घातलेली निळी चादर दिसली,
मग त्यांचं मांजर. त्यानेही आत पाहिलं.
सहा इंची पाइप, बाहेरच्या अंगाला जरासा उतार,
"नाही तं वाफेचं पाणी होते, ताई,
अन् उलटं आतच येते."
तोंडाला जाळी, चिमण्यांसाठी.

बटण दाबलं. पंखा फिरला, छान फिरला.
निखाऱ्यांनी पेपराची पट्टी फाडून पंख्याला लावली.
पट्टी खाली पडली.
पुन्हा लावली. पुन्हा पडली.
आई म्हणाली, मोटार डुप्लिकेट असेल, इतवारीतून आणली ना.
मी म्हणाले, पाइप लांब झाला असेल.
निखारे काही म्हणाले नाहीत.
उकिडवे बसले, दाराखालून बोट घालून पाहिलं.
बोट गेलं नाही.

रबराची पट्टी होती तिथे,
बाबांनी ठोकलेली, झुरळं येऊ नयेत म्हणून.
एवढ्याशा पट्टीला एकोणीस खिळे.
बाबांचंच काम.

"कूलर लावता तवा खिडकी काहून उघडी ठेवता?"
हे तर नागपुरातलं शेंबडं पोरही सांगेल,
नाही तर मे महिन्यात उशीसुद्धा चिकटते गालाला.
"हे त्याच्या उलटं. हा बाहेर फेकते.
पण आत काही येऊनच नाही रायलं,
तं फेकन काय, बाप्पा?"

आई रबराकडे बघत राहिली.
मग तिनेच पक्कड आणली.
दार उतरवून अंगणात आडवं ठेवलं, बोटभर कापलं.
आतलं लाकूड अजून पिवळं होतं.
या वेळी पट्टी पंख्याला चिकटली,
फडफडत राहिली.
साडेसातशे रुपये, दोनदा चहा,
आणि उरलेला पाइप निखारे घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारा आठावर.
वाफ कोपऱ्यात न साचता
मान वळवून पाइपात शिरत होती.
घोट्यांना गार हवा लागली,
तिच्यामागून पोह्यांच्या फोडणीचा वास.
आरसा आपोआप साफ होत गेला
आणि त्यात मी होते.
मी खाली बघितलं.
फटीत उजेडाची रेघ होती,
रेघेत दोन काळे तुकडे.
आईच्या सपाता.
हलत नव्हत्या.

रोज उभी राहत असेल?
रबर होतं तोवर मला कळायला मार्ग नव्हता.
तिला तरी काय ऐकू आलं असेल,
नळाखेरीज.

मी नळ बंद केला. पंखा घुमत होता.
काहीतरी बोलायला हवं होतं.
"आई, शांपू संपलाय."

सपाता गेल्या. परत आल्या.
फटीतून एक रुपयाची पुडी आत सरकली,
कोपरा आधीच दाताने फाडलेला.