सरकी

शब्द जन्मला धरणगावात, नव्वदीतल्या एका थंडीत,
जिनिंगच्या पटांगणात. इथवर दुमत नाही.
पुढचं सगळं वादाचं.

जिनातला फिटर धुडकू आप्पा म्हणायचा, नाव मी ठेवलं.
रेचा कपाशी ओढतो,
रुई मुकाट पुढे निघून जाते
आणि खाली सरकी टणटण, टणटण
पत्र्यावर उडत राहते, कुणाचं न ऐकता.
विकी बेलदारचा ऑर्केस्ट्रा आला त्या रात्री
स्टेजपुढे आम्ही सतरा जणी तशाच.
"दखा, सरकी उडी राह्यनी,"
आप्पा म्हणाला, आणि ढेपेच्या भावात मोजलं आम्हाला.

प्रमिला म्हणते, खोटं.
शब्द निघाला माइकवाल्या लोटनच्या घशातून:
"सरका वं पोरीस्वन, मांगे सरका!"
रात्रभर हेच.
आम्ही इंचभर सरकलो नाही,
म्हणून सरक्या.

मला दोन्ही पटतं.

अर्थ तेव्हा शिवीच्या जरासा अलीकडचा.
सरकी म्हणजे
जिला राग कळत नाही, गाणाऱ्याचं जॅकेट कळतं.
जी वहीच्या शेवटच्या पानावर 'वि. बे.' लिहून
वरून शाई सांडते.
बाई हजेरी घेताना चष्म्यावरून बघायच्या, "सरक्या आल्या का?"
आईच्या कानावर गेलं तेव्हा तव्यावरची कळण्याची भाकरी करपली.
"सरकी एक तं म्हशीले, नहीं तं घानीले,"
एवढंच बोलली. पेरणीचं तिला सुचलं नाही,
मलाही पुष्कळ उशिरा.

मुलांना हा शब्द कधी लागला नाही.
त्याच रात्री विजेच्या खांबावर चढलेला माझा भाऊ
गावात 'शौकीन' ठरला.

विकी आता एरंडोलला ठिबकच्या नळ्या विकतो.
बिल करताना मी विचारलं. म्हणाला,
"कोणत्या सरक्या?"
आणि जीएसटी लावला.

परवा मुलगी गच्चीवर, कानात पांढरी बोंडं,
कुठल्याशा परदेशी पोरांच्या गाण्यावर पाय आपटत
फोनवर मैत्रिणीला सांगत होती,
"आपण कट्टर सरक्या गं!"
छाती काढून. जसं काही पदक.
कुठून उचललास हा शब्द?
"असाच. सगळे म्हणतात."

धुडकू आप्पा, लोटन, ते पटांगण,
सगळं ओठांवर आलं होतं.
तिने एक बोंड काढून माझ्या कानात घातलं.
शब्द एकही कळला नाही.
मी विचारलं,
ह्याचं जॅकेट कोणत्या रंगाचं?