मिठाला जागणे

गोळी पांढरी. मधोमध एक रेघ,
अर्धी करायची झाली तर.
एर्कुलानो ती जिभेवर ठेवतो आणि दर रात्री म्हणतो,
"बेनिल्द, हे मीठ आपल्या आगरातलं नाही."

आवेरोच्या खाडीवर त्याच्या चार पिढ्या मिठाला जागल्या.
हा जरा जास्तच जागला.
अकरा रात्री, डोळ्याला डोळा नाही.
चंद्रावरही मीठ पिकतं म्हणाला,
होडी विकून शेजाऱ्यांना सहा अकॉर्डियन आणले;
वाजवता एकालाही येत नव्हतं.
बाराव्या दिवशी फावडं टाकून चिखलात बसला
तो मार्चपर्यंत उठला नाही.

कोइंब्राची डॉक्टरीण म्हणाली, लिथियम.
हाही एक क्षारच. रोज, न चुकता.
पाणी भरपूर प्या,
आणि जेवणातलं मीठ तोडू नका.
कितीतरी दिवसांनी तो हसला तेव्हा.
मिठागरवाल्याला कुणी मीठ खायला सांगतं?

ऑगस्टात कळलं.
घामावाटे आपलं मीठ निघून जातं
आणि ते परकं अंगात ठाण मांडून बसतं.
भर दुपारी तो शब्द चघळायला लागला,
पाय दारुड्याचे, हातातलं फावडं थरथरतंय.
वाल्देमारने त्याला उचलून ट्रकमध्ये घातलं,
त्या सहांतला एक अकॉर्डियन ज्याच्याकडे आहे तो.

आता तीन महिन्यांनी रक्त.
शून्य पूर्णांक सात.
आकडा आम्ही कॅलेंडरवर लिहितो,
भरतीच्या वेळांशेजारी.

तसं सगळं ठीक. कप बशीवर वाजतो, इतकंच.
आणि संध्याकाळी पाण्यावर मिठाची साय धरते
ती काढायला हात स्थिर लागतो.
त्याचा लागला की ती फुटते, बुडते.
म्हणून साय मी काढते. तो टोपल्या वाहतो
आणि एकदा, पाठमोराच, म्हणाला,
"मी अळणी झालोय का गं?"

मी नाही म्हटलं.

पण वाल्देमारच्या घरातून कधीकधी
तो भाता फुसफुसतो,
इतक्या वर्षांत त्याला सूर सापडलेला नाही,
आणि मला तो माणूस आठवतो
त्या अकरा रात्रींतला,
म्हणजे पाचव्या रात्रीपर्यंतचा.
हे मी डॉक्टरणीला सांगितलेलं नाही.

अकरा वाजता मी ग्लास भरते.
त्याचे दात काचेवर किणकिणतात.
मग तो झोपतो,
सहापर्यंत, कूससुद्धा न बदलता.

जागी असते ती मी.