पाणी जोखताना

माझा बाप पाणाड्या.
आलेंतेजूच्या करपल्या पठारावर, जिथं
बुचाच्या ओकांची साल नऊ वर्षांनी एकदा सोलतात
आणि लालभडक खोडावर पांढऱ्या रंगात सालाचा आकडा लिहितात,
तिथं बेलार्मीनू हे नाव लोक दबक्या आवाजात घ्यायचे,
खालच्या पाण्याला ऐकू गेलं तर ते सरकेल म्हणून.

ऑलिव्हचं दुबेळकं दोन्ही मुठींत उलटं धरून तो चालायचा.
टोक खाली वळलं की टाच रोवायचा:
"इथं. अकरा मीटर."
पैसे घेत नसे. घेतले की हात आंधळा होतो म्हणे.
मेंढीच्या चीजची एक चकती, फार तर बुटांना नवे तळ.

मी बेजाच्या शाळेत विज्ञान शिकवते.
त्या सप्टेंबरात तो स्वतःच म्हणाला,
"देओलिंदा, तुझा विश्वास नाही ना?
मग जोख माझं पाणी."

दहा बादल्या, वर ताडपत्रीचे तुकडे.
एकीत पाणी, नवांत वाळू.
कुठलीत पाणी, ते टोपीतली चिठ्ठी ठरवणार.
भरणारा पोरगा दर वेळी कोठारामागं जाणार,
आणि मलाही ठाऊक नको,
कारण माझा चेहरा चुगली करतो,
हे बापाला माझ्या पाचव्या वर्षापासून माहीत आहे.

वीस खेपा झाल्या.
दर खेपेला काठी वळली. खरंच वळली.
मनगटाच्या शिरा तटतटल्या होत्या;
ढोंग नव्हतं त्यात तसूभरही.
विसांत तीन.
डोळे मिटून बोट ठेवलं असतं
तरी दोन लागल्याच असत्या.

वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल.
दातांत नुसती धूळ करकरत होती.

तो उलट्या बादलीवर बसला. बराच वेळ.
मग विचारलं, "आणि आंसेल्मूची विहीर?"

ती एकोणतीस वर्षांपूर्वीची. सतरा मीटर, कोरडी ठाक.
तिच्यापायी खेचर गेलं, मग जमीन,
मग आंसेल्मू लक्झेंबर्गला बांधकामावर गेला
आणि आला तो पेटीतून.

"त्या सकाळी मी तुझ्या आईवर हात उगारला होता.
काठीला कळतं, माझा बाप सांगायचा.
विटाळल्या हाताला पाणी दगा देतं."

एकोणतीस वर्षं हे त्याच्यात मुरत होतं
आणि मला ओल दिसली नव्हती.

"तिथं खाली सलग शिस्ट आहे," मी म्हटलं.
"पाणी असलं तर भेगेत. भेग लागली तर लागली.
तू देवासारखा शांत असतास तरी
ती विहीर कोरडीच निघती."

"आणि बाकीच्या लागल्या त्या?"

"ओढ्याकडच्या अंगाला कुठंही खण. बहुधा लागतंच."

विजेच्या खांबावर करकोच्यानं चोच वाजवली.
बाप हाताचे तळवे उलटसुलट करून बघत होता,
कुणाचे तरी सापडलेले हातमोजे बघावेत तसे.
"म्हणजे ते पाप नव्हतं," तो म्हणाला.
"चूक होती."
आणि जरा थांबून, "चूक तर कबूल करता येते."

सकाळी तो झुल्मिराकडे गेला.
आंसेल्मूची बायको. इतकी वर्षं
तिची गल्ली टाळायला तो चर्चमागून वळसा घालायचा.
दारातच म्हणाला असणार, रात्रभर तेच घोकत होता:
मला माहीत नव्हतं. माहीत आहे असं म्हणालो.
ती काय बोलली, ते त्यानं सांगितलं नाही.
परतला तेव्हा खिशात चार अंजिरं होती, चेंगरलेली.

आता दर रविवारी गावातल्या विहिरी मोजतो,
दोरीला शिशाचा गोळा बांधून.
वहीत तारीख, खोली, खूपशी प्रश्नचिन्हं.
आईवर उगारलेल्या हाताबद्दलही एकदा बोलला,
वहीतून डोळे वर न काढता.

काल रात्री फोन केला त्यानं, चढ्या आवाजात:
"वीसच खेपा? मास्तरीण तू,
आणि तेवढ्यावरून एवढं बोललीस?"

खरं आहे त्याचं.
शनिवारी दोनशे करणार आहोत.