लाभ

तिकिटावर रांग ‘ग’, खुर्ची एकोणीस.
एकोणीसच्या पुढं खांब.
जुनं नाट्यगृह, खांब कोण हलवणार?
दारावरचा म्हातारा म्हणाला, पाव्हणं, मान जरा डावीकडं ठेवा.
ठेवली.
खांब आणि कुणा बाईचा अंबाडा, यांच्या फटीतून
कस्तुरीचा उजवा कोपर दिसला
आणि चेलोचा अर्धा गळा.
तेवढं पुष्कळ होतं.

सगळ्या पोरांनी मिळून एक लांबलचक सूर धरला.
कुणी वर होतं, कुणी खाली,
हळूहळू एका जागी आले
आणि थांबले.
मी टाळ्या वाजवल्या.
एकट्यानंच.
शेजारचे गृहस्थ कानाशी येऊन म्हणाले,
अजून सुरू व्हायचंय. नुसतं जुळवून घेतायत.
हात मांडीखाली घातले.
पिवळे आहेत हात माझे. बावीस वर्षं हळदीचा काटा,
साबणाला दाद देत नाहीत.

मग आवळे सर आले, मिरजेच्या चर्चमधले.
एरवी बाहीचं बटण तुटलेलं असतं,
आज काळा कोट.
त्यांनी नुसती दोन बोटं उचलली.
आमच्या यार्डात भाव रुमालाखाली ठरायचा,
बोटाला बोट लावून, तिसऱ्याला कळू न देता.
इथं बोटं उघड्यावर,
आणि चाळीस पोरं त्यावर श्वास घेत होती.

त्या चेलोला पहिली दोन वर्षं खोळ नव्हती.
सेलम हळदीची पोती उसवून हिच्या आईनं शिवली.
स्कूटरवर मी, तो, आणि त्याला मिठी मारून ही.
विश्रामबागच्या चौकात पोलिसानं विचारलं, काय आहे यात?
ही म्हणाली, थोरला भाऊ.
खुंटी निसटली तेव्हा मिरजेला नेला, सतारवाल्यांच्या गल्लीत.
भोपळ्यांच्या राशीत त्याला आडवा निजवून
चाचा म्हणाले, लाकूड कुठल्या का देशाचं असेना,
कान पिळल्याशिवाय बोलत नाही.

भिंतीवर रेघ आहे. पुराची.
दोनदा रंग दिला, तरी खालून वर येते.
कस्तुरी बसलीय ना, तिथं तेव्हा
तिच्या डोक्यावर हातभर पाणी होतं.
काहीही चढायला लागलं की आम्ही सांगलीकर
आधी पातळी बघतो.
आयर्विनला किती फूट?
बासरीवाली चढली, व्हायोलिनं तिच्यामागून,
रेघ गेली, बाल्कनीचा कठडा गेला,
कुणीच उठून पळालं नाही.

आणि कोपर थांबला.

बाकी सगळे वाजवतायत, ही गप्प.
तार तुटली? विसरली?
मी इतका वाकलो की अंबाडा वैतागून मागं वळला,
आणि त्या वळण्यात हिचं तोंड दिसलं.
ओठ हलत होते.
काट्यावर एवढा गलका, तिथं कानानं कोण ऐकतं,
ओठच वाचायचे.
वाचले.
लाभ.
दोन.
तीन.
चार.

पहिल्या पोत्याला आमच्यात एक म्हणत नाहीत.
बाप सांगायचा, एक म्हटलं की ते एकटं पडतं.
खरं-खोटं त्याला ठाऊक.
ही लहान असताना रविवारी थप्पीवर बसून
पाय हलवत ऐकायची. मला वाटायचं, कंटाळलीय.

मीही मोजायला लागलो.
बावीस.
तेवीस.
चोवीसला सरांनी हिच्याकडं बघितलंही नाही,
आणि कोपर बरोबर निघाला,
खालून, जमिनीतून यावा तसा आवाज
खुर्चीच्या दांड्यातून माझ्या मांडीला लागला.
हात मी खालीच दाबून धरले होते.

बाहेर गाडीवर भडंग घेतलं.
भावाला खांबाला टेकवून ती म्हणाली,
पप्पा, सुरुवातीला टाळ्या कोण वाजवत होतं?
असेल कुणीतरी, म्हटलं.
कांदा कमी घातला होता गाडीवाल्यानं.
आणखी मागितला.