खाकी कागदावर

दवाखान्यामागच्या खोलीत लिमाकात्सो नर्सनं
जमिनीवर खाकी कागद अंथरला.
म्हणाली, पुसेलेत्सो, झोप उताणी.
तिची पेन्सिल माझ्या कडेकडेनं निघाली,
कानामागून, काखेतून, कमरेच्या वळणावरून,
आणि डाव्या तळव्याला टेकली तेव्हा
मला कळलंच नाही.
ती थांबली. पुन्हा टेकवली.
मी छपराच्या पत्र्यावरचा गंज बघत होते.

पाय मी कोरेच ठेवले.
दोन वर्षं मोज्यांत चालतेय,
मोजे न घालता.

पोटाला लाल खडू निम्मा संपला.
तो आधी आतड्यात उतरतो म्हणे,
राखणदार पेशींची वस्ती तिथं दाट,
आणि थोड्याच आठवड्यांत वस्ती ओस.
मला तेव्हा फक्त ताप होता, चार दिवस,
मक्याची कापणी चालू होती.
पुढं जे कळलं तेही मी पोटातच ठेवलं,
सात वर्षं.
एका घरात दोन भाडेकरू.

मानेत गाठी, वाटाण्याएवढ्या.
जिभेवर पांढरा थर, खरवडला तर रक्त.
बरगडीवरून नागीण गेली,
तिचा माग अजून दुखतो, वारा सुटला की.

फुप्फुस काढलं आणि हात थांबला.
हे माझं नाही.
हे लेबोनाचं, सोन्याच्या खाणीतून
त्यानं घरी आणलेलं, आधीच धुळीनं भरलेलं.
क्षयाला वेगळी जागा करावी लागली नाही.
त्याला कुणी कागदावर निजवलं नाही.
शेवटी घोंगडीत तो आहे की नाही
हे दाबून बघावं लागायचं.

डोक्यात काय काढू?
तिथंही पोचतो तो, नर्स म्हणाली.
म्हणजे ते तेच असेल:
चुलीवर भांडं ठेवून पाण्याला जाते
आणि झऱ्यापाशी उभी राहते,
भांडं कुठलं, चूल कुणाची.
डोक्यात मी धुकं काढलं. खाकीवर राखाडी, दिसलंही नाही नीट.

गर्भाशयाला मात्र पिवळा, दाबून.
त्शेपांग तिथून आली.
वारेनं आणि गोळीनं मिळून राखलं तिला,
तीनदा रक्त तपासलं, तीनदा काही नाही.

माझ्याही रक्तात आता तो सापडत नाही.
गेला असं नाही. गाठींच्या आत,
आतड्याच्या घड्यांत दबा धरून बसलाय,
माझी रात्री आठची गोळी कधी चुकते त्याची वाट बघत.

कागद गुंडाळणार, तोच शाळेतून त्शेपांग आली.
चिखलाच्या बुटांनी थेट कागदातल्या बाईवर चढली,
खाली वाकून बघितलं.
म्मे, तुझे पाय रंगवायचे राहिले.

खडूंत निळा तेवढा उरला होता.
तो दिला तिला.