चौदा लारी

आलेखात सगळ्या रेषा हिंदकळत होत्या,
तेल, पीठ, अक्रोड, डिझेल.
एकच रेषा निपचित पडलेली:
कुताइसी, हिरवा बाजार, ओटा क्रमांक एकतीस,
इमेरेती चीज, किलोला चौदा लारी.
चौदा महिने चौदा.

तिबिलिसीच्या कचेरीत अशा रेषेला
आम्ही एकच नाव ठेवतो: घरी बसून भरलेला तक्ता.
वगळा, साहेब म्हणाले, शेजारच्या ओट्यांची सरासरी घाला,
भोक बुजेल.
मला मात्र त्सियाला गाबुनियाचं अक्षर ठाऊक होतं.
सातच्या पोटात आडवी रेघ देणारी,
खाडाखोड झाली तर बाजूला सही करणारी बाई
खोटं लिहील?
हाही पूर्वग्रहच. नोंदवून ठेवतो.

पहाटेची मार्शुत्का धरली.
ओट्यावर झुझुना, कोपरापर्यंत ओले हात,
पांढऱ्या चकत्यांवर ओलं फडकं.
गिऱ्हाइकांच्या मागे गुपचूप उभा राहिलो.
अठरा, म्हणाली एकाला.
पुढचीला साडेसतरा, कारण तिचा नातू आजारी.
मग त्सियाला आली, वही छातीशी धरून,
आणि झुझुनाने मान वर न करता सांगितलं,
चौदा.

नंतर विचारलं, तर बघत राहिली
शिकून वाया गेलेल्या भाच्याकडे बघावं तशी.
"ही वहीत लिहिते तो भाव
वर जातो ना, सरकारात?
मग तिथून तोच सगळीकडे लागतो.
मी अठरा सांगितले, की उद्या
पिठाचे चढतील, औषधाचे चढतील.
एवढं तरी माझ्या हातात आहे."

कार्यकारणाचा बाण
मी जन्मभर एकाच दिशेने काढत आलो.
तिने तो उचलून उलटा ठेवला,
खाऱ्या पाण्यात भिजून सुरकुतलेल्या बोटांनी.

आता ही रेषा खोडू,
तर चौदा महिने एक बाई एकटीने
देशाची महागाई अडवून उभी होती
हे कुठल्या रकान्यात घालू?
ठेवू, तर आकडा खोटा.
त्सियालाला माहीत होतं का, हे मी विचारलं नाही.
सांगितलं ते लिहावं,
सूचनापुस्तिकेत एवढंच आहे. ती मीच लिहिली होती.

परतीची गाडी सुटायच्या आधी
पुन्हा ओट्यावर गेलो. अर्धा किलो द्या, म्हटलं.
तिने सुरी हवेतच थांबवली.
"लिहायला हवंय,
की खायला?"