परतीची ओळ

व्हॅन उरवाई दरवाज्यापाशी थांबली तेव्हा
मी आधी तिचे टायर पाहिले.
सवय. जे जमिनीला टेकतं ते आधी पाहायचं.
आत घड्याळ आहे, शाल्मली म्हणाली, बिनकाट्यांचं.
स्ट्रॉन्शियमचे काही हजार अणू
अंड्यांच्या ट्रेसारखे उजेडाच्या खळग्यांत बसवलेले,
आणि एक लाल लेसर त्यांना विचारत राहतो,
झालं का, झालं का.

दुसरं घड्याळ खाली लष्करात, कॉलेजच्या तळघरात.
मध्ये केसाएवढी काचेची तार.
वरचं किंचित पुढे धावतं म्हणे.
बोटाच्या रुंदीइतकं वर उचललं तरी
अठराव्या आकड्यात त्याला कळतं.
जितकं खाली, तितका काळ रेंगाळतो.

म्हटलं, अगं, हे तर आमचा बुडबुडाच करायचा,
लेव्हलच्या नळीतला.
तोही एवढंच विचारायचा, पाणी इथून कुठे जाईल?

एकोणऐंशीच्या मे महिन्यात
लष्करातल्या खुणेपासून किल्ल्यावरच्या खुणेपर्यंत
मी उंची नेली. नेली म्हणजे उचलूनच.
चढ असा की दहा पावलांत पट्टी संपायची.
मागचं वाचन, पुढचं वाचन, पुन्हा तिपाई.
पट्टी धरायला हरगोविंद कुशवाह,
असा सरळ उभा राहायचा
की कातळातल्या तीर्थंकरांनी त्याला आपल्यात घेतलं असतं.

त्यांचंही शाल्मलीनं गणित केलं.
सगळ्यांत उंच मूर्तीच्या पायांपेक्षा मस्तकात
साडेपाचशे वर्षांत काळ जास्त साचलाय,
सेकंदाचा तीस हजारावा भाग.
डोकं थोरलं, पाय धाकटे.

चौथ्या रात्री दोन्ही घड्याळांचं उत्तर आलं.
माझ्या जुन्या वह्या तिच्या मांडीवर.
तीन सेंटिमीटर जास्त, म्हणाली, एखादा इकडेतिकडे.
आणि मग एकदम उजळली.
पायथा खचलाय, काका!
एवढ्या बोअरवेल, इतक्या वर्षांचा उपसा,
तुमची वही होती म्हणून कळलं.
जाण्याची ओळ, परतीची ओळ,
दोन्हींत फरक फक्त दोन मिलिमीटर!
इतकं स्वच्छ काम आता कोण करतं?

थर्मासचा चहा माझ्या हातात गार झाला.

तिसऱ्या दिवशी लू सुटली होती.
वर पोचलो होतो, परत फिरायचं होतं.
हरगोविंदच्या नाकातून रक्त आलं,
पट्टीवर पडलं, एक मीटर बावीसच्या रेघेवर.
दूधवाल्याच्या सायकलवर बसवून त्याला घरी धाडलं.
परतीचे आकडे मी रात्री लिहिले,
दौलतगंजच्या खोलीत, पंख्याखाली.
खरे वाटावेत म्हणून मधेमधे खोडलेसुद्धा.
ते दोन मिलिमीटर मीच ठरवले.
शून्य लिहिलं असतं तर साहेबाला संशय आला असता.

त्या आकड्यांवर पुढे कुणी टाकी बांधली,
कुणी नळ टाकले,
पाणी जायचं तिथे गेलं.
पाण्यानं कधी चुगली केली नाही.

ती लॅपटॉपवर शीर्षक टाइप करत होती.
'ग्वाल्हेर' झालं होतं, 'खच' झालं होतं.
थांब, म्हटलं.
परतीची ओळ आम्ही चाललोच नव्हतो.

का, हे तिनं विचारलं नाही.
विचारलं, मग पायथा?

मला काय माहीत. खचला असेल, नसेलही.
त्या तीन सेंटिमीटरमध्ये जमीन किती आणि मी किती
हे तुझ्या अणूंनाही वेगळं काढता यायचं नाही.

तिनं वही उघडली,
समासात पेन्सिलीनं तारीख घातली, आजची,
आणि हरगोविंदचं पूर्ण नाव विचारून घेतलं.

पहाटे व्हॅन उतरून गेली. बस म्हणत होती, मी बसलो नाही.
दर दहा पावलांवर थांबायचं, मागे पाहायचं,
मग पुढे. गुडघे मोजत होते.
वळणावर समोर ताठ उभा एकच जण होता, दगडाचा,
आणि त्याच्या अंगावर आकडे नव्हते.